बनी तो बनी, आणि फाशांचे दान

परभणीच्या नावाला जोडलेली एक म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ नशीब काढण्यासाठी बाहेरगावी निघालेला माणूस ती स्वतःशी पुटपुटतो, आणि हात हलवीत परतला तर गाव त्याला तीच ऐकवते. म्हणीत थट्टा आहे, पण तीत धीरही आहे. जमले तर उत्तमच. न जमले तर सगळे संपले असे नाही, हा तिचा खरा अर्थ होय. ही म्हण आज आठवली ती मात्र एका अगदीच अनपेक्षित कारणाने, संगणकावरील एका खेळामुळे.

गेल्या दिवाळीत परभणीस एका शिक्षकमित्राच्या घरी गेलो होतो. त्यांचा अकरावीतला मुलगा संगणकासमोर बसला होता. पडद्यावर गोळीबार नव्हता की मोटारींची शर्यत नव्हती. इंग्रजी मजकूर सरकत होता आणि एक घनगंभीर आवाज तो वाचून दाखवीत होता. मुलाने फासे टाकले. दान उलटे पडले. ‘आता काय?’ मी विचारले. ‘काही नाही काका, हरलो तरी गोष्ट पुढं चालूच राहते की,’ तो म्हणाला. परीक्षेत नापास होणे म्हणजे जन्माचे वाटोळे, असे ज्या घरांत मानले जाते त्यांपैकीच एका घरात हे वाक्य मी ऐकले, आणि ते मनातून जाईना. ज्या खेळांना आपण सरसकट वेळेचा अपव्यय म्हणून मोडीत काढतो, त्यांपैकी निदान एका जातीच्या खेळाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, असे तेव्हा वाटले.

गुण आणि गुणपत्रिका

या खेळांना ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण एक भूमिका घ्यायची आणि त्या भूमिकेच्या अंगी असलेल्या गुणांनिशी कथेतून वाट काढायची, हे त्यांचे स्वरूप. त्यांचा उगम संगणकात नव्हे, तर कागद आणि फाशांत आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारचौघांनी टेबलाभोवती बसावे, एकाने कथा सांगावी, बाकीच्यांनी पात्रे व्हावे, आणि जेथे यशापयशाची शंका असेल तेथे फासे टाकावेत, अशी त्याची रीत होती. प्रत्येक पात्राच्या नावे सहा गुण मांडलेले असत : बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि प्रभाव. बुद्धी व शहाणपण यांची खाती येथे वेगळी ठेवली आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शिकलेला माणूस शहाणा असतोच असे नाही, हे आपल्या खेड्यातील म्हातारीला ठाऊक असते. आपल्या गुणपत्रिकेला ते अद्याप ठाऊक नाही.

१९८१ साली ‘अल्टिमा’ आणि ‘विझार्ड्री’ या खेळांनी ही रीत घरगुती संगणकावर लोकप्रिय केली. पुढे कौशल्य मोजण्याचे दोन संप्रदाय झाले. एका संप्रदायात खेळाडूच्या हाती काही गुण देतात आणि ते कोठे खर्च करावयाचे ते त्याने ठरवायचे असते. दुसऱ्यात कौशल्य सरावाने वाढते. २०११ च्या ‘स्कायरिम’ या खेळात अशी अठरा कौशल्ये आहेत. जो लोहारकाम करील त्याचे लोहारकाम सुधारेल. करून शिकण्याचे हे तत्त्व शिक्षकाला आवडावे असेच आहे. पण सुरुवातीच्या आवृत्तीत खेळाडूंनी एक पळवाट शोधली. सर्वांत स्वस्त लोखंडी खंजीर शेकड्यांनी घडवीत बसायचे, की कौशल्याचा आकडा आपोआप चढत जातो! पुढे खेळ बनविणाऱ्यांना हिशेबाची पद्धत बदलावी लागली. गाइडातील उत्तरे पाठ करून टक्के मिळविणाऱ्या विद्यार्थ्याहून हा लोहार कितीसा वेगळा? मापच साध्य होऊन बसले की शिक्षण मागे राहते, ही गोष्ट अमेरिकेतील खेळकर्त्यांना जशी कळली तशीच ती आपल्या शाळांनाही कळावयास हवी.

मनातील चोवीस आवाज

मित्राचा मुलगा खेळत होता तो खेळ ‘डिस्को एलिसियम’. एस्टोनिया या छोट्या देशातील काही लेखक-कलावंतांनी उभ्या केलेल्या संस्थेने तो २०१९ साली प्रसिद्ध केला. नायक आहे एक पोलीस अधिकारी. दारूच्या नशेत तो आपले नाव-गावही विसरला आहे आणि त्याला एका खुनाचा तपास करावयाचा आहे. त्याच्या अंगी चोवीस कौशल्ये असून ती बुद्धी, मन, शरीर आणि चपळता अशा चार गटांत सहा-सहा मांडलेली आहेत. येथवर नवे काही नाही. नवे आहे ते असे की, ही कौशल्ये बोलतात. तर्क त्याच्या कानात एक सांगतो, सहानुभूती दुसरेच सांगते, अधिकाराची घमेंड ‘दरडाव त्याला’ म्हणते, आणि व्यसन एका घोटाची आठवण करून देते. कौशल्य जितके मोठे तितका त्याचा आवाज मोठा. आणि मोठा आवाज नेहमी खरेच सांगतो असेही नाही. ज्ञानाचा आकडा फार वाढला तर नायकाचे डोके निरुपयोगी माहितीने भरून जाते. गुण अती झाला की अवगुण होतो, हे येथे आकड्यांच्या भाषेत मांडले आहे.

फाशांचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. दोन फासे टाकायचे, त्यांच्या बेरजेत कौशल्याचा आकडा मिळवायचा, आणि ती बेरीज कामाच्या कठीणपणाच्या आकड्याइतकी किंवा त्याहून अधिक झाली तर यश. कौशल्य ४ आणि कठीणपणा १० असेल तर फाशांवर किमान ६ पडले पाहिजेत. छत्तीस शक्यतांपैकी सव्वीस अनुकूल, म्हणजे शेकडा ७२. कठीणपणा १४ झाला तर किमान १० हवेत. अनुकूल शक्यता सहाच, शेकडा १७. मात्र दोन्ही फाशांवर सहा पडले तर कितीही अवघड काम साधते आणि दोन्हींवर एक पडला तर सोपेही फसते. प्रयत्नाला मोल आहे, पण दैवाचाही वाटा आहे; पावसाच्या भरवशावर कापूस आणि सोयाबीन पेरणाऱ्या जिल्ह्याला हे तत्त्वज्ञान कोणी वेगळे शिकविण्याची गरज नाही. महत्त्वाचे हे की, अपयश आले तरी बहुधा कथा थांबत नाही, ती वेगळ्या वाटेने चालू लागते. काही वाटा तर अपयशाखेरीज उघडतच नाहीत.

मनाचे असे तुकडे करून त्यांना बोलते करणे पाश्चात्त्य समीक्षकांना अपूर्व वाटले. मराठी वाचकाला ते इतके परके वाटू नये. समर्थांनी दोनशेहून अधिक श्लोक मनालाच उद्देशून रचले. तुकोबांचे मनाशी चाललेले भांडण गाथेत जागोजाग आहे. आणि ज्या गंगाखेडची जनाबाई, ते गाव तर परभणी जिल्ह्यातलेच. दळणकांडण करणाऱ्या त्या बाईने आपल्या अंतरातील आवाजाशी जो मोकळा संवाद केला, तो सातशे वर्षांनंतरही जात्यावरच्या ओठांवर टिकला. स्वतःशी बोलण्याची आपली रीत जुनी आहे. तिला नवे माध्यम मिळाले नाही, एवढेच.

वाचिक अभिनयाची किंमत

भरताने सांगितलेल्या चार अभिनयांपैकी वाचिक अभिनयाला या खेळांत जितके महत्त्व आले आहे तितके क्वचितच कोठे आले असेल. कारण येथे नट दिसतच नाही. ‘डिस्को एलिसियम’ २०१९ साली निघाला तेव्हा त्यातील थोडेच संवाद आवाजात होते. २०२१ च्या सुधारित आवृत्तीत दहा लाखांहून अधिक शब्दांच्या त्या खेळाला पूर्ण आवाज देण्यात आला, आणि जवळजवळ सर्व कौशल्यांचा आवाज लेन्व्हल ब्राउन या एकाच कलावंताने दिला. हा मूळचा संगीतकार. त्याच्या एकाच गळ्यातून तर्कही बोलतो, भीतीही बोलते. आणि हे सारे एकाच माणसाचे मन आहे, ही जाणीव श्रोत्याला क्षणभरही सोडीत नाही.

पण आवाज फुकट मिळत नाही, आणि पैसा ही त्याची एकच किंमत नव्हे. २००२ च्या ‘मॉरोविंड’ या खेळात बहुतेक संभाषण वाचावयाचे असे; त्यामुळे पात्रांना पुष्कळ बोलता येई. २०१५ च्या ‘फॉलआउट ४’ मध्ये नायकालाही आवाज दिला गेला आणि उत्तरांचे पर्याय एका वेळी चारांवर आले. त्याच मालिकेच्या १९९७ मधील पहिल्या खेळात मंदबुद्धीचे पात्र घेतले तर त्याचे सारे बोलणेच तुटक होई आणि समोरची माणसे त्याच्याशी तशीच वागत. प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रित करावयाचे म्हटले की असे औदार्य परवडत नाही. म्हणजे आवाजाने पात्र जिवंत होते खरे, पण त्याच्या तोंडचे शब्द मोजके होतात. हा व्यवहार डोळसपणे करावयाचा असतो.

आपला आवाज कोठे आहे?

आता प्रश्न आपल्या घरचा. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. काटेकोरपणे पाहता तो भूमिकेचा नसून पराक्रमाचा खेळ आहे. धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या एका डोंबारणीसारख्या कसरतपटू मुलीची ती कथा आहे, आणि निवेदन करतात ते दुर्गा व विष्णू. २०१७ साली त्यासाठी लोकवर्गणी उभारण्याचा प्रयत्न फसला होता. तरीही खेळ पुरा झाला आणि जगभर पोचला. त्याचे कौतुक केलेच पाहिजे. पण ही देवदेवता प्रथम बोलली ती इंग्रजीत, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदीत. पुण्यात घडलेल्या कथेची ही भाषिक वाटचाल आहे! यात त्या संस्थेला दोष देण्यासारखे काही नाही. बाजार जिकडे बोलावतो तिकडे निर्माता जातो, आणि मराठीच्या बाजूने त्याला कोणी हाक मारलेली नाही.

वस्तुतः एका गळ्यातून अनेक पात्रे उभी करण्याची कला आपल्या अंगणात नांदत आली आहे. लग्नघरी गोंधळ घातला जातो तेव्हा संबळ-तुणतुण्याच्या साथीवर एकच नायक राजा होतो, राणी होतो, देवी होतो. आणि साथीदार मध्येच भाबडा प्रश्न विचारून कथेला वळण देतो. परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्या गोंधळ्यांनी ही आख्याने कंठात जतन केली. आकाशवाणीच्या नभोनाट्यांनी आणि श्रुतिकांनी याच कलेला ध्वनिक्षेपकासमोर उभे केले. न दिसणाऱ्या नटाचा आवाज ओळखून त्याचा चेहरा मनात रंगविणारा श्रोता परभणीच्या आकाशवाणी केंद्राने घराघरांत घडविला. कला आहे, कलावंत आहेत, श्रोतेही आहेत. नाही ती त्यांना नव्या माध्यमाशी जोडणारी वाट.

याहून नाजूक प्रश्न बोलीचा आहे. ‘काय करायलास?’ असे विचारणारे पात्र आपल्या नाटक-चित्रपटांत बहुधा गडी असते, नाही तर हसे करून घेण्यासाठी आणलेले असते. ज्या मुलाने आपली बोली केवळ विनोदासाठी वापरलेली ऐकली आणि सारे उदात्त विचार इंग्रजी आवाजात ऐकले, तो मोठेपणी गंभीर गोष्ट कोणत्या भाषेत बोलेल? मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा ताम्रपटांत जसा आहे तसाच तो अकरावीतल्या मुलाच्या अंतर्मनातील आवाजातही असला पाहिजे. त्याच्या मनातील तर्क मराठीत बोलत नसेल, तर दर्जाचा उपयोग समारंभापुरताच.

यंत्राचा गळा

यावर कोणी म्हणेल, आता यंत्रच बोलते. मराठी आवाज यंत्राकडून करवून घ्यावा, खर्चही वाचेल. हा मोह मोठा आहे, म्हणूनच सावध राहावयास हवे. यंत्राने आपला आवाज परवानगीवाचून उचलू नये, यासाठी अमेरिकेतील कलावंतांच्या ‘सॅग-आफ्ट्रा’ या संघटनेने जुलै २०२४ मध्ये खेळांच्या कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. तो २०२५ साली मिटला तो संमती आणि मोबदला यांची कलमे करारात आल्यावरच. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना आवाजाच्या अशाच नकलेविरुद्ध संरक्षण दिले. नामवंतांना न्यायालय गाठता येते. गावोगावच्या गोंधळ्याच्या किंवा हौशी नटाच्या आवाजाचे काय, हा प्रश्न उरतोच. आणि यंत्र जी मराठी बोलेल ती त्याला जिच्या ध्वनिमुद्रिका विपुल मिळाल्या ती. परभणी-जिंतूरची असण्याचा संभव थोडा.

मग करावे काय? कोट्यवधींचे खेळ उद्याच परभणीत बनतील अशी भाबडी आशा कोणी करू नये. पण आरंभ लहान असू शकतो. ‘ट्वाइन’ नावाचे साधन फुकट मिळते. त्यावर पर्यायांच्या फांद्या फुटणारी गोष्ट देवनागरीत लिहिता येते, त्यासाठी संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. शाळेच्या संगणककक्षात मराठीच्या शिक्षकांनी अशी एक गोष्ट मुलांकडून लिहवून घ्यावी. गावातल्या आख्यान सांगणाऱ्याला सन्मानाने बोलवावे, त्याची संमती घेऊन, मोबदला देऊन त्याचा आवाज मोबाइलवर मुद्रित करावा. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत एकांकिका बसतात. एखाद्या वर्षी बोलणारी गोष्ट बसवून पाहावी. पहिला प्रयत्न कच्चा होईल, दुसराही कदाचित फसेल. त्यात भिण्यासारखे काय आहे? हरलो तरी गोष्ट पुढे चालू राहते, हे त्या मुलाने खेळातून शिकलेले सत्य परभणीने आपल्या म्हणीत केव्हाच सांगून ठेवले आहे. बनी तो बनी. निदान फासे तरी आपल्या भाषेत टाकून पाहू या.