लाईट आल्यानंतरचा पहिला सेकंद

रब्बीत आमच्या बीबी गावच्या शिवारात हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे थ्री-फेजची वाट पाहणं आलंच. पाळीची वेळ होते, लाईट येते आणि एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) साऱ्या विहिरींवरचे ऑटो स्टार्टर एकदमच मोटारी उचलतात. त्या क्षणी तारांवर जो ताण येतो, तो पुढच्या सबंध पाळीत येत नाही.

हिशेबच मांडू. 5 एचपीची मोटार चालताना साधारण 7.5 अँपिअर करंट घेते. 100 केव्हीएची डीपी 133 अँपिअर पेलते. 15 मोटारींचे झाले 112. म्हणजे सगळं आलबेल. पण उठताना हीच मोटार सहापट करंट ओढते! पंधराही एकदम उठल्या, तर मागणी पावणेसातशेच्या घरात जाते.

सहापट का? मोटारीच्या स्थिर गुंडाळ्यांमध्ये चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 3000 फेरे घेत असतं. आतला रोटर वेगात आला की जेमतेम शे-दीडशे फेऱ्यांनी मागे असतो, त्यामुळे क्षेत्र त्याच्या कांड्यांवरून सावकाश सरकतं आणि कांड्यांत थोडाच करंट उपजतो. रोटर थांबलेला असेल, तर तेच क्षेत्र पूर्ण वेगाने कांड्यांवरून झपाटत जातं आणि करंट उसळतो. म्हणजे मोटारीच्या करंटला आवर घालतं ते तिचं स्वतःचं फिरणं! मला तर याने थक्क व्हायला होतं.

धोका असा की सगळ्यांनी ओढ घेतली की व्होल्टेज पडतं. ते 70 टक्क्यांवर आलं की फिरवण्याचा जोर थेट निम्म्यावर येतो. मोटार नुसती घुमते, उठत नाही. सहापट करंट म्हणजे गुंडाळीत 36 पट उष्णता; सेकंदाचं काम लांबलं की वाइंडिंग जळतं.

डीपीची गोष्ट तर आणखी अजब. एकही मोटार चालू नसताना नुसती डीपी चार्ज केली, तरी ती कधी कधी पूर्ण भाराच्या आठ-दहापट करंट गिळते. लाईट गेली त्या क्षणाचं चुंबकत्व तिच्या लोखंडी गाभ्यात थोडं शिल्लक असतं. व्होल्टेज नेमकं नको त्या क्षणी लागलं, की नवं चुंबकत्व त्यावर चढतं, गाभा तुडुंब भरतो आणि करंटला अडवणारं फारसं काही उरत नाही. डीपी गुरगुरते आणि थोड्या वेळात शांत होते. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी हे 1892 सालीच नोंदवलं होतं.

मोटारींच्या ओढीवर उपाय म्हणून मोठ्या मोटारींना स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. स्टारमध्ये प्रत्येक गुंडाळीला 415 ऐवजी 240 व्होल्ट मिळतात आणि लाइनचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो. जोरही तितकाच घटतो. लहान मोटारींसाठी सर्वांत स्वस्त उपाय ऑटोच्या टायमरमध्ये आहे. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून प्रत्येकाची वेळ दहा-दहा सेकंदांनी मागेपुढे लावावी. हे गावोगाव व्हायलाच हवं.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून आलेल्या पंपाला मात्र सहापट करंट मिळूच शकत नाही, कारण पॅनल ठरावीक मर्यादेपलीकडे करंट देतच नाही. म्हणून त्याचा कंट्रोलर फ्रीक्वेन्सी अगदी कमी ठेवून सुरुवात करतो. चुंबकीय क्षेत्रच हळू फिरतं, रोटर त्याच्या जोडीने चालू लागतो आणि दोघं मिळून वेग घेतात.