दिवाळीची नानकटाई : गूळ, तूप आणि शेंगतेल



साखर कारखान्याच्या पत्रिकेत गुळाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. पण साखर काय नि गूळ काय, दोन्ही आपल्याच उसाचे. शिवारफेरीत भगिनी आम्हाला हमखास विचारतात, की सवलतीच्या साखरेऐवजी गूळ घालून नानकटाई केली तर घरातल्या मधुमेही माणसाला चालेल ना? आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही.

१०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८०. गुळातही मुख्य भाग साखरेचाच. लोह व क्षार थोडे असतात खरे, पण दोन नानकटायांतून पोटात जाणार ते किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेल्या गोडाचे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला ही मर्यादा ५० ग्रॅमची पडते, आणि त्यात चहाची साखर, गूळ, काकवी, मध सगळे आले. म्हणून गूळ वापरायचा तो चवीसाठी, आणि साखरेपेक्षा कमीच.

स्निग्धाचे मात्र तसे नाही. तिथे बदल केला तर खरोखर फायदा होतो. बेकरीत स्वस्त म्हणून वनस्पती तूप चालते. तेल गोठवताना त्यात तयार होणारी ट्रान्स चरबी हृदयाला घातक. म्हणूनच जानेवारी २०२२ पासून तिच्यावर २ टक्क्यांची मर्यादा आली. घरचे तूप त्याहून बरे, पण त्यातही निम्म्याहून जास्त संपृक्त चरबी असते. शेंगतेलात ती २० टक्क्यांच्या आसपास. नुसत्या तेलाची नानकटाई पसरते, म्हणून दोन्हींचा मेळ घालावा.

कणीक ४०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, किसलेला गूळ २०० ग्रॅम, तूप १७५ ग्रॅम, शेंगतेल ७५ ग्रॅम, अर्धा चमचा सोडा, वेलदोडा. गूळ कोरडा घ्यावा व चाळून घ्यावा. खडा राहिला तर तिथेच करपतो. तूप, तेल व गूळ चांगले फेसून मग पीठ मिसळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. साखरेइतके ते फुलणार नाही, हे धरूनच चालावे. गूळ लवकर लाल होतो. त्यामुळे बेकरीवर डबा नेलात तर साखरेचे पत्रे निघून भट्टी जरा उतरली, की मग आपले लावायला सांगावे. घरच्या ओव्हनमध्ये १६० अंशांवर वीसेक मिनिटे पुरतात.

गूळ पिवळाधमक पाहून घेऊ नये. तो रंग पुष्कळदा हायड्रॉस पावडरीचा असतो. भेंडीच्या पाण्याने मळी काढलेला गूळ तांबूस दिसतो, तोच घ्यावा. (उसाला उशिरा युरिया ओतला की गूळ मऊ पडतो, हे गुऱ्हाळवाल्या सभासदांना वेगळे सांगायला नको!)

गुळाची नानकटाई हवेतली ओल ओढते. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी आणि आठ-दहा दिवसांत संपवावी.