घरगुती प्रिंटरची निवड

घरगुती प्रिंटर म्हणजे घरातील संगणकास किंवा मोबाइल संचास जोडून कागदावर मजकूर व चित्रे छापणारे लहान यंत्र होय. मराठीत त्यासाठी मुद्रक हा पारिभाषिक शब्द आहे. व्यवहारात मात्र प्रिंटर हाच शब्द रूढ आहे. महिन्याला दहा-वीस पाने एवढ्याच छपाईसाठी परवडणारा प्रिंटर निवडताना, जाहिरातीतील प्रतिपान खर्चापेक्षा यंत्र महिनोन्‌महिने न वापरता पडून राहिल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात ही निवड महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात मांडली आहे. तेथील अंतरे, उन्हाळा, वीजपुरवठा आणि झेरॉक्स दुकानांची सोय यांमुळे शहरी कार्यालयांचा हिशेब या जिल्ह्यातील घरांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

छपाईची गरज

बुलढाणा जिल्हा अमरावती विभागात असून त्यात १३ तालुके आहेत. मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही गावे मुंबई–हावडा लोहमार्गावर आहेत आणि खामगावला जलंबहून फाटा जातो. परंतु खुद्द बुलढाणा शहर तसेच चिखली, मेहकर, लोणार व सिंदखेड राजा येथे रेल्वे नाही. खेड्यातून तालुक्याला जायचे म्हणजे एस.टी. किंवा स्वतःचे वाहन. एका पानासाठी लागणारा हा फेरा घरी प्रिंटर घेण्याच्या विचारामागील मुख्य कारण असतो.

घरी छापली जाणारी कागदपत्रे बहुतांशी एकरंगी असतात. राज्याच्या महसूल विभागाने २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्यासाठी १५ रुपये शुल्क असते. हा उतारा घरी छापला तरी ग्राह्य असतो. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नसते. संकेतस्थळावर विनाशुल्क दिसणारा सातबारा मात्र केवळ माहितीसाठी असतो. तो कितीही सुबक छापला तरी बँकेत किंवा कचेरीत उपयोगी पडत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीतही असाच भेद आहे. नीट व जेईई या राष्ट्रीय परीक्षांचे आणि राज्य सीईटी कक्षाच्या एमएचटी-सीईटीचे प्रवेशपत्र उमेदवाराने स्वतः उतरवून, छापून परीक्षा केंद्रावर न्यायचे असते. याउलट दहावी-बारावीचे प्रवेशपत्र शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय छापते आणि मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी देते. प्रवेशपत्र परीक्षेच्या थोडे दिवस आधी मिळते, क्वचित त्यात दुरुस्ती होऊन ते पुन्हा छापावे लागते, आणि गावातील दुकान रात्री बंद असते. वर्षातून दोन-तीनदाच येणाऱ्या अशा वेळी प्रिंटर चालू स्थितीत असणे, हीच त्याची खरी किंमत असते. नेमक्या त्याच रात्री फिक्या रेघा उमटवणारा प्रिंटर स्वस्तात मिळालेला असला तरी महागच पडतो.

शाईचे प्रिंटर

इंकजेट प्रिंटरमध्ये केसाहूनही बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर फेकले जातात. कॅनन आणि एचपी यांच्या यंत्रांत अतिसूक्ष्म तापक शाई क्षणभर उकळवून तिचा बुडबुडा करतो व त्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. एप्सनच्या यंत्रांत विद्युतदाबाने आकार बदलणारा स्फटिकासारखा पदार्थ हे काम करतो. दोन्ही पद्धतींत शाई पातळ असावी लागते आणि ती छिद्राच्या तोंडाशी सुकू शकते. क्वचित वापरात इंकजेटची जी मुख्य अडचण जाणवते ती येथूनच उद्भवते.

या वर्गातील सर्वांत स्वस्त यंत्रे लहान कार्ट्रिजची असतात. त्यांची किंमत साधारणतः तीन ते सहा हजार रुपये असते, पण छोट्या कार्ट्रिजमधून शंभर-सव्वाशेच पाने निघतात आणि दोन-तीन वेळा कार्ट्रिज घेतल्यावर यंत्राच्या किमतीचा मोठा भाग पुन्हा खर्च झालेला असतो. या यंत्रांचा एक गुण सहसा सांगितला जात नाही. त्यांपैकी बहुतेकांत छपाईची छिद्रे कार्ट्रिजवरच असतात. त्यामुळे शाई सुकून छिद्रे बुजली तर कार्ट्रिज बदलताच यंत्र पूर्ववत चालते.

टाकीच्या प्रिंटरमध्ये शाई बाटलीतून भरली जाते. एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात या प्रकारची यंत्रे प्रथम विक्रीस आणली. पुढे कॅनन, एचपी व ब्रदर यांनीही तो मार्ग धरला. काळ्या शाईच्या एका बाटलीत सुमारे साडेचार हजार पाने छापता येतात असे काही प्रचलित यंत्रांबाबत सांगितले जाते, आणि पानागणिक शाईचा खर्च काही पैशांवर येतो. रोज पन्नास पाने काढणाऱ्या शिकवणी वर्गाला किंवा दुकानाला हे यंत्र निःसंशय योग्य आहे. महिन्याला १५ पाने छापणाऱ्या घरात मात्र तीच बाटली संपायला २५ वर्षे लागतील. शाईची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते आणि यंत्राचे आयुष्यही. म्हणजे विक्रेता ज्या बचतीवर भर देतो ती अशा घराच्या वाट्याला येतच नाही. सुकण्याचा धोका तेवढा येतो. टाकीचे यंत्र घ्यायचेच असेल तर छपाईचे शीर्ष ग्राहकाला बदलता येते काय, हे आधी विचारावे. कॅनन व एचपीच्या अनेक टाकीच्या यंत्रांत ते बदलता येते. एप्सनमध्ये ते यंत्रातच बसवलेले असते व बदलण्याचे काम कारागिराकडे जाते.

शीर्ष साफ करण्याच्या प्रत्येक फेरीत शाई खर्च होते. ती यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत साठते आणि गादी भरल्याचे नोंदले गेले की यंत्र छपाई थांबवते. पंधरवड्यातून एकदा सर्व रंग असलेले एखादे पान छापणे हा यावरील साधा उपाय आहे. यंत्र नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावे. बटण दाबल्यावर शीर्ष आपल्या जागी जाऊन झाकले जाते. भिंतीवरील स्विच थेट बंद केला किंवा छपाईच्या मध्येच वीज गेली तर ते उघडे राहून सुकते. भारनियमनाची सवय असलेल्या भागात हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. वीज परत येताच प्रिंटर एकदा चालू करून बटणानेच बंद करणे इष्ट.

लेसर प्रिंटर

लेसर छपाईचे मूळ अमेरिकन संशोधक चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी यशस्वी केलेल्या कोरड्या प्रतिलिपी पद्धतीत आहे. याच पद्धतीवर पुढे झेरॉक्स कंपनी उभी राहिली आणि तिचे नाव मराठीत छायाप्रतीचे सामान्यनाम होऊन बसले. ड्रमवर प्रकाशाने विद्युतभाराचे चित्र उमटते, त्याला टोनर नावाची काळी भुकटी चिकटते, ती कागदावर उतरते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेल्या रुळाखाली वितळून पक्की होते.

टोनर ही मुळातच कोरडी, प्लास्टिकयुक्त भुकटी असल्याने सुकण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सहा महिने झाकून ठेवलेला लेसर प्रिंटर पहिल्याच पानाला स्वच्छ छापतो. पावसात भिजलेल्या लेसर प्रतीवरील अक्षरे पसरत नाहीत. अनेक इंकजेट शायांबाबत असे म्हणता येत नाही. क्यूआर कोडच्या कडाही रेखीव येतात. या कारणांमुळे क्वचित आणि एकरंगी छपाईसाठी एकरंगी लेसर हीच पहिली पसंती मानावी लागते. नव्या साध्या यंत्राची किंमत साधारणतः १० ते १८ हजार रुपयांच्या दरम्यान असते. नव्या यंत्रासोबत पुष्कळदा अर्धवट भरलेले टोनर मिळते, ही त्रुटी मोठी वाटते. पण त्यात ७०० पाने निघाली तरी महिन्याला १५ पानांच्या हिशेबाने ते जवळजवळ चार वर्षे पुरते.

रंगीत छायाचित्रे हा लेसरचा प्रांत नव्हे. पासपोर्ट आकाराचे फोटो गावातील स्टुडिओतून काढून घेणे अधिक स्वस्त पडते, आणि केवळ मुलांच्या प्रकल्पवहीतील चार चित्रांसाठी रंगीत यंत्र घेणे क्वचितच शहाणपणाचे ठरते.

जुन्या यंत्रांचा पर्याय

एचपीचा लेसरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० ही एकरंगी लेसर यंत्रे भारतातील कार्यालये व झेरॉक्स दुकानांत वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. पहिल्याला ‘१२ए’, तर दुसऱ्याला ‘३०३’ क्रमांकाचे कार्ट्रिज लागते. दोन्हींची घडण जवळजवळ सारखी असून त्यातून सुमारे दोन हजार पाने निघतात. ही कार्ट्रिजे उघडून पुन्हा भरण्याचे काम करणारे कारागीर लहान शहरांतही असतात व सुटे भाग सहज मिळतात. क्वचित वापरासाठी असे सुस्थितीतील जुने यंत्र हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. त्याची मर्यादा जोडणीत आहे. या यंत्रांत वायफाय नाही आणि त्यांना संगणकावर निर्मात्याचाच ड्रायव्हर लागतो, म्हणून ज्या घरात केवळ मोबाइल आहे तेथे ती बहुधा निरुपयोगी ठरतात. जुने यंत्र घेताना समोर दहा पाने काढून पाहावीत. ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटणारा डाग हा ड्रम किंवा रूळ खराब असल्याचे चिन्ह आहे. बोटाने पुसली जाणारी अक्षरे टोनर नीट वितळत नसल्याचे दाखवतात.

हवामान व वीज

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर असल्याने तुलनेने थंड आहे. उत्तरेकडील पूर्णा खोऱ्यात, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या बाजूस, मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. कोरड्या उष्ण हवेत इंकजेटची शाई लवकर घट्ट होते, म्हणून घाटाखाली लेसरच्या बाजूने असलेला कौल अधिक बळकट होतो. उन्हाळ्यातच घरोघरी पाण्याचे कूलर लागतात आणि त्यांची ओलसर हवा कागदाला बाधते. दमट कागद वाकतो, दोन-दोन पाने एकत्र ओढली जातात आणि लेसरमधून निघताना त्यांची गुंडाळी होते. पावसाळ्यातही तोच अनुभव येतो. प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवू नये, आणि ५०० पानांच्या गठ्ठ्यातून लागतील तेवढीच पाने ट्रेमध्ये ठेवून उरलेली मूळ वेष्टनात बांधून ठेवावीत. वापर नसताना यंत्रावर कापडी आवरण घालावे. कागद ओढणाऱ्या रबरी रुळावर धूळ बसली की तो घसरू लागतो.

विजेच्या बाबतीत मात्र इंकजेट सरस आहे. त्याला छपाईच्या वेळी काही वॅट इतकीच शक्ती पुरते व तो घरातील इन्व्हर्टरवर चालतो. लेसरचा रूळ तापताना काही क्षण भार एकदम वाढून बरेचदा ८०० वॅटच्या घरात किंवा त्याहून वर जातो, आणि घरगुती इन्व्हर्टर तेवढ्याने बंद पडू शकतो. संगणकाच्या लहान यूपीएसला लेसर प्रिंटर जोडू नये अशी सूचना निर्मातेही देतात. ज्या गावात वीज दीर्घकाळ जाते तेथे लेसर घेणाऱ्याने छपाई वीज असतानाच उरकण्याची तयारी ठेवावी लागते.

प्रिंटर की दुकान

निवडीपूर्वी प्रिंटर घ्यावा की नाही, हा प्रश्न सोडवणे आवश्यक असते. समजा, १२ हजारांचा लेसर प्रिंटर पाच वर्षे वापरला आणि महिन्याला १५ पाने छापली. एकूण ९०० पाने होतात व टोनर-कागद न धरताही प्रत्येक पान १३ रुपयांहून अधिक पडते. तीच पाने दुकानात पाच रुपये दराने ४,५०० रुपयांत होतील. त्यासाठी महिन्याला दोन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीस ४० रुपये भाडे धरले तर प्रवासाचे ४,८०० रुपये मिळवून ९,३०० रुपये होतात. म्हणजे केवळ पैशांच्या हिशेबात दुकानच स्वस्त आहे. फेरीसाठी एखाद्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर हा हिशेब लगेच उलटतो. महिन्याला ४० पाने लागत असतील तरीही प्रिंटरची बाजू जड होते.

गावात आपले सरकार सेवा केंद्र किंवा झेरॉक्स दुकान असेल आणि कामे तातडीची नसतील, तर प्रिंटर न घेणे हाही योग्य निर्णय असतो. शेजारच्या दोन-तीन घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक लेसर यंत्र घेतल्यास ते वापरात राहते आणि खर्चही विभागला जातो. दुकानात छापताना एक काळजी घ्यावी: आधार, बँक पासबुक यांच्या फाइली तेथील संगणकावर किंवा दुकानदाराच्या मोबाइलवर राहू देऊ नयेत, काम होताच समोर पुसून घ्याव्यात.

जोडणी व मराठी मजकूर

संगणक नसलेल्या घरात वायफाय असलेले यंत्रच घ्यावे. वायफाय डायरेक्टची सोय असल्यास घरात इंटरनेट जोडणी नसतानाही मोबाइलवरून छपाई होते. छपाईसाठी निर्मात्याच्या खात्यात नोंदणी आणि सततचे इंटरनेट अनिवार्य असलेली यंत्रे ग्रामीण भागात त्रासदायक ठरतात. खरेदीपूर्वी हे विचारून घ्यावे. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका पानावर घेण्याचे काम वारंवार पडत असेल तर स्कॅनरसह मिळणारे बहुउद्देशीय यंत्र उपयोगी पडते. एरवी मोबाइलच्या कॅमेऱ्याने केलेला स्कॅन बहुतेक ऑनलाइन अर्जांना चालतो.

युनिकोडमधील मराठी मजकूर आजचा कोणताही प्रिंटर अडचणीविना छापतो. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीतील फाइल दुसऱ्या संगणकावर उघडल्यास अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे उमटतात. हा प्रिंटरचा दोष नसतो. अशी फाइल मूळ संगणकावरच पीडीएफ करून आणावी.

पुनर्भरण व विल्हेवाट

पुन्हा भरलेले टोनर स्वस्त असते, पण दर्जा कारागिराच्या हातावर अवलंबून राहतो. ड्रम व पुसणी तपासल्याविना नुसती भुकटी ओतल्यास काळे पट्टे येतात व भुकटी यंत्रात सांडते. अलीकडच्या काही यंत्रांत कार्ट्रिजवर चिप असते आणि निर्मात्याने इंटरनेटवरून पाठवलेल्या आज्ञावलीनंतर अन्य कंपनीचे कार्ट्रिज नाकारले जाते. पुनर्भरणाचा मानस असल्यास तालुक्यातील कारागीर कोणते कार्ट्रिज भरून देतो हे प्रथम पाहून त्यानुसार यंत्र घेणे सोयीचे असते. अधिकृत सेवा केंद्र जिल्ह्यात आहे की अकोला, जळगाव किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल, याचीही चौकशी हमीपत्र स्वीकारण्यापूर्वीच करावी.

सांडलेली टोनर भुकटी कोरड्या किंवा थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी. गरम पाण्याने ती कापडावर पक्की बसते. रिकामी कार्ट्रिजे जाळू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिजे यांचा समावेश असून ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुनर्भरण करणारे कारागीर रिकामी मूळ कार्ट्रिजे विकतही घेतात.