हिशेबाची पेढी काम सोडते तेव्हां

घोडेगांवास कांद्याचा बाजार असल्यानें शेतीस आडत, वाहतूक किंवा खतविक्रीची जोड देणारीं घरें या भागांत आहेत. अशा धंद्याचा जमाखर्च व कराचीं पत्रकें बहुधा सनदी लेखापालांची एखादी पेढी पाहते. पावत्या वेळेवर न मिळणें, मेहनताना थकणें अथवा खोटा आंकडा लिहिण्याचा आग्रह होणें, या कारणांनीं ती काम सोडूं शकते. त्यांत मानापमान नाहीं. परंतु संबंध केवळ तोंडी तुटल्यास पुढें कराची नोटीस आली असतां उत्तर कोणीं द्यावयाचें, हा तंटा उभा राहतो, व दंड मात्र धनी भरतो.

तलाठ्याची बदली झाली म्हणजे दप्तराची यादी होऊन उभयतांच्या सह्यांनीं चार्ज दिला-घेतला जातो. तीच रीत येथें असावी. पेढीनें पत्रांत शेवटची तारीख, राहिलेलीं कामें व जवळ आलेल्या मुदती लिहाव्या. धन्यानें वह्या व पावत्या यादीवरून मोजून घ्याव्या, मेहनताना चुकता करून पोंच घ्यावी, आणि करखात्याच्या संकेतस्थळावरील आपला परवलीचा शब्द बदलावा. हिशेबतपासणीचें काम स्वीकारण्यापूर्वीं जुन्या लेखापालास लेखी कळविण्याचें बंधन १९४९ च्या कायद्यानें नव्यावर आहे. म्हणून जुन्याचें नांव त्यापासून लपवूं नये.

१८७५ च्या दंग्यांनंतर, १८७९ च्या कायद्यानें नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यास सावकाराकडून पावती व सालाचा हिशेब मागण्याचा हक्क दिला. आपला कागद परक्याच्या कपाटांत ठेवून निर्धास्त निजूं नये, हाच त्यांतील बोध.