पाचवी ते आठवीची वर्षे आणि फवारणी

पावसाने पंधरा दिवस ताण दिला तर पऱ्हाटीचे काय होते, असे यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला विचारले तर तो उलट विचारेल, ‘ताण कधी दिला?’ रोप लहान असेल तर बहुधा सावरते. पण पात्या-फुलांच्या दिवसांत तोच ताण पडला की पात्या गळतात, आणि गळलेल्या पातीचे बोंड काही होत नाही. विषारी रसायनांविषयी आपण नेहमी ‘किती?’ असे विचारतो. ‘कोणत्या वयात?’ हेही विचारायला हवे, हे आम्हा संशोधकांना बऱ्याच उशिरा कळले.

२०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढलेली, त्यामुळे फवारा तोंडावरच येई. काही तासांत उलट्या, अंधारी, धाप अशी लक्षणे दिसत, म्हणून ही माणसे दवाखान्यात पोचली आणि मोजली गेली. पण काही रसायनांचा परिणाम असा असतो की त्या दिवशी डोकेही दुखत नाही, आणि त्रास तीस-चाळीस वर्षांनी उद्‌भवतो.

डी.डी.टी.चे उदाहरण पाहण्यासारखे आहे. या रसायनाचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध आहे का, हे १९९० च्या दशकात अनेकांनी तपासले. बहुतेकांना संबंध सापडला नाही, आणि विषय जवळजवळ मिटला. मग २००७ मध्ये बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील जुने रक्तनमुने तपासले. १९५९ ते १९६७ या काळात बाळंतिणींचे रक्त घेऊन ते गोठवून जपलेले होते. त्यांतल्या ज्या स्त्रियांना पुढे पन्नाशीच्या आत कर्करोग झाला, त्यांची तुलना तो न झालेल्यांशी केली. डी.डी.टी.चा सर्रास वापर १९४५ च्या सुमारास सुरू झाला. त्या वेळी ज्या चौदा वर्षांच्या आतल्या मुली होत्या, त्यांच्यात रक्तात डी.डी.टी. जास्त असणाऱ्यांना धोका सुमारे पाचपट निघाला. ज्यांनी तोवर चौदावे ओलांडले होते, त्यांच्यात असा संबंध दिसला नाही. रसायन एकच, गावही एकच!

असे का व्हावे? लहान मुलीच्या स्तनात थोड्याशाच बारीक नलिका असतात. साधारण आठ ते तेरा या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढते आणि नलिकांच्या टोकांना कळ्यांसारखे फुगीर भाग येतात. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. या कळ्यांतल्या पेशी फार वेगाने विभागतात, म्हणजेच डी.एन.ए.च्या प्रती भराभर निघत असतात. अशा वेळी एखाद्या प्रतीत झालेली चूक पुढच्या सगळ्या पेशींत उतरते. काही रसायने तर इस्ट्रोजेनची नक्कल करतात. या पेशी पुरत्या परिपक्व होतात त्या पहिल्या बाळंतपणात. जपानमध्ये १९४५ च्या अणुबाँबचा किरणोत्सर्ग अंगावर घेतलेल्या स्त्रियांतही हेच आढळले. त्या वेळी कोवळ्या वयात असलेल्यांना पुढे या कर्करोगाचा धोका सर्वांत जास्त होता.

आपल्याकडे डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला, हिवतापासाठी घरांच्या भिंतींवर मात्र ते त्यानंतरही फवारले जाई. आपल्या विद्यार्थिनींच्या आज्यांचे बालपण या पावडरीच्या सहवासात गेले. आज कपाशीवर वापरली जाणारी औषधे निराळी आहेत. त्यांतली अनेक औषधे डी.डी.टी.प्रमाणे चरबीत वर्षानुवर्षे साठून राहत नाहीत, म्हणून कोन यांचा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा चिकटवणे चुकीचे ठरेल. पण लवकर विघटन होते म्हणून निर्धोक, हेही आम्हाला पटत नाही. वर्षागणिक पुन्हा पुन्हा थोडे थोडे अंगावर येणारे रसायन नाहीसे व्हायला उसंतच कुठे मिळते?

फवारणीचा पंप बहुधा पुरुषाच्या पाठीवर असतो. पण औषध कालवायला पाणी आणून देणे, फवारणीचे कपडे धुणे, वेचणीला आईबरोबर जाणे ही कामे मुलींकडे येतात, तीही नेमकी पाचवी ते आठवीच्या वयात. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की वर्गातली हजेरी कशी घटते, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

वर्गात एक साधा उपक्रम करता येईल. मुलामुलींनी आपापल्या घरच्या शेताचे हंगामभराचे कॅलेंडर करावे. त्यावर फवारणीच्या तारखा एका रंगाने आणि आपण शेतात गेल्याच्या तारखा दुसऱ्या रंगाने भराव्यात. दोन रंगांमध्ये किती दिवसांचे अंतर पडते ते मोजावे, आणि औषधाच्या डब्यावरील पत्रकात फवारणी व वेचणी यांत किती दिवस सोडायला सांगितले आहेत ते पाहावे. पत्रकाची अक्षरे फार बारीक असतात, तेव्हा प्रयोगशाळेतले भिंग सोबत द्यावे. शेवटी आणखी दोन गोष्टी विचाराव्यात : फवारणीचे कपडे घरी कोण धुते, आणि औषधाचा रिकामा डबा पुढे कशाला वापरला जातो?