वसईची जेसुइट पाठशाला व धर्माधिकाराचा प्रश्न

वसईच्या किल्ल्यांत जेसुइटांच्या देवालयाचा दर्शनी भाग अद्याप उभा आहे. त्यास लागूनच त्यांची पाठशाला होती. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं हा किल्ला घेतला, हें सर्वश्रुत आहे. परंतु तत्पूर्वींच्या येथील विद्याव्यवहाराकडे आमच्या संशोधकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. प्रस्तुत टिपणांत एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : ज्या एतद्देशीयांस धर्मविद्या शिकविली, त्यांस धर्माधिकारही दिला काय ?

गोन्सालो गार्सिया यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. जन्म वसईस; पिता पोर्तुगीज, माता येथील. जेसुइटांपाशीं शिकून ते जपानांत गेले, तेथील भाषा आत्मसात् केली व धर्मोपदेशाच्या कामीं साह्य केलें. तथापि जेसुइट संघांत त्यांस प्रवेश मिळाला नाहीं. पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कनांनीं त्यांस घेतलें. तेंही पुरोहित म्हणून नव्हे, सेवाबंधु म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यांस क्रुसावर मारण्यांत आलें. इ. स. १८६२ त रोमनें त्यांस संतपद दिलें.

गोमंतकांतील दिवाडीचे ब्राह्मणकुलोत्पन्न मातेउश द कास्त्रु यांस तर गोव्यांत दीक्षाच नाकारली गेली. त्यांनीं रोमांत अध्ययन करून इ. स. १६३० त ती घेतली व १६३७ त ते बिशप झाले.

विशेष हा कीं, अधिकाराचा संकोच होता त्याच काळांत भाषेचा स्वीकार झाला. फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध क्रिस्तपुराण इ. स. १६१६ त रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याचें देवनागरी हस्तलिखित लंडन येथील मार्सडेन संग्रहांत असल्याचें ॲबट यांनीं गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत दाखवून दिलें.

स्थिति पालटण्यास दीर्घ काळ लागला. एतद्देशीय पुरोहितांकरितां पोप तेरावे लिओ यांनीं इ. स. १८९३ त कँडी येथें स्थापिलेली पाठशाला १९५५ त पुण्यास आली. तिच्याच परंपरेंतील ज्ञानदीप ही संस्था (पूर्वीचें ज्ञानदीप विद्यापीठ) आज तेथें चालत आहे. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ त झाला. आणि वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९२० नंतरच्या शंभराव्या वर्षीं, म्हणजे २०२० त, उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

संग्राहकांस विनंति इतकीच कीं, मोडी दप्तरांइतक्याच आस्थेनें रोमन लिपींतील मराठी बाडेंही पाहावीं. लिपि परकी म्हणून तीं आजवर दृष्टीआड राहिलीं. भाषा मात्र आपलीच आहे.