बंदिस्त विंचवांच्या पेटीतील चिलटे व माइट यांचे नियंत्रण : महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात

प्रस्तावना

विंचू हा मराठवाड्याच्या ग्रामजीवनाला परका प्राणी नाही. नायगाव परिसरातील माळवदाची जुनी घरे, शेतांचे दगडी बांध, गोवऱ्यांचे ढीग आणि कडब्याच्या गंजी या साऱ्या त्याच्या नित्याच्या आश्रयाच्या जागा होत. असे असूनही प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांची विंचवाशी ओळख दीर्घकाळ फॉर्मॅलिनच्या बरणीतूनच झाली. अष्टपाद वर्गाचा प्रातिनिधिक प्राणी म्हणून पाठ्यपुस्तकांत ‘पालॅम्नियस’ असे, आणि त्याचे विच्छेदन हाच अभ्यास मानला जाई. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानंतर जिवंत प्राण्याच्या निरीक्षणाला महत्त्व आले व काही विभागांत विंचवाची पेटी ठेवण्याचा विचार सुरू झाला.

विंचू पाळण्याचे महत्त्व केवळ अध्यापनापुरते नाही. मूळचे जालना जिल्ह्यातील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे लाल विंचवाच्या दंशावर केलेले काम सर्वपरिचित आहे. या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांविषयीचे त्यांचे निरीक्षण 1982 मध्ये, तर प्राझोसिन या औषधाच्या उपयोगासंबंधीचे टिपण 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 2011 मध्ये 70 रुग्णांवरील चाचणीत असे दिसले की, प्राझोसिनच्या जोडीला विंचूदंशावरील प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो. मुंबईच्या हाफकिनने तयार केलेल्या या प्रतिविषाचा उगम अखेर विंचवाच्या नांगीतच आहे. एका विंचवापासून मिळणारे विष इतके अल्प असते की प्रतिविषासाठी मोठ्या संख्येने विंचू लागतात. अशा ठिकाणी पेटीत शिरलेली क्षुल्लक चिलटेसुद्धा क्षुल्लक राहत नाहीत. प्रस्तुत लेखात या उपद्रवाचे स्वरूप, त्याची कारणे व त्यावरील उपाय यांचा विचार केला आहे.

पेटीतील आगंतुक

विंचवाच्या पेटीवर घिरट्या घालणाऱ्या प्रत्येक बारीक माशीला सर्रास ‘चिलट’ म्हटले जाते. येथेच नियंत्रणाची पहिली चूक होते. या माश्या निदान तीन प्रकारच्या असतात व त्यांचे महत्त्व सारखे नसते.

पहिला प्रकार सायरिडी कुलातील बुरशीमाशीचा. ती काळसर, लांब पायांची, डासासारखी नाजूक असून ओल्या मातीवरून संथपणे उडते. तिच्या अळ्या मातीच्या वरच्या थरातील बुरशी व कुजलेला पाला खातात. विंचवाला त्या प्रत्यक्ष इजा करीत नाहीत. परंतु माती गरजेपेक्षा ओली आहे, एवढे निश्चित सांगतात. दुसरा प्रकार ड्रॉसोफिलाचा. पिकल्या केळ्यावर जमणारी हीच ती लालसर डोळ्यांची माशी. रातकिड्यांसाठी ठेवलेल्या फळांच्या फोडींमुळे ती येते आणि फोड काढून घेतली की बहुधा निघूनही जाते.

खरी चिंता तिसऱ्या प्रकाराची, फोरिडी कुलातील माशीची. हिची पाठ कुबड आल्यासारखी दिसते आणि हात लावू जाता ती उडण्याऐवजी झटके देत धावते. ओळखीची ही खूण नवख्या निरीक्षकालाही पुरेशी आहे. या कुलातील मेगासेलिया स्केलॅरिस ही जाती 1866 मध्ये लोव यांनी वर्णिली. तिच्या खाद्याची यादी थक्क करणारी आहे : कुजलेले मांस, फळे, बुरशी, मेलेले कीटक आणि प्रसंगी जखमी वा अशक्त जिवंत प्राणी. विंचवाने टाकलेल्या अर्धवट रातकिड्यात ती अंडी घालते. उबदार हवेत सुमारे दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. कात टाकताना अडकलेला, जखमी झालेला किंवा वृद्ध विंचू अशा अळ्यांच्या तावडीत सापडल्यास वाचणे कठीण. निरोगी विंचवाला मात्र तिचे सहसा भय नसते. म्हणून फोरिड माशीने मारलेला विंचू दिसला, तर तो आधीच कशाने खंगला होता, हाही प्रश्न विचारावयास हवा.

माश्यांशिवाय माइट हा कोळ्यांच्या दूरच्या नात्यातील अतिसूक्ष्म जीव पेटीत आढळतो. साठवणीच्या धान्यात व पिठात होणारे टायरोफेगससारखे माइट रातकिड्यांच्या कोंड्याबरोबर पेटीत येतात. पांढुरक्या धुळीसारखा थर हलताना दिसला की तो माइटचाच समजावा. त्यांच्या काही जातींची एक अवस्था अन्न न घेता दुसऱ्या प्राण्याला चिकटून केवळ प्रवास करते. विंचवाच्या पायांच्या सांध्यांवर व पोटाखालील श्वासरंध्रांपाशी त्यांची गर्दी झाली, तर पुस्तकी फुप्फुसांच्या चार जोड्यांवर श्वास घेणाऱ्या या प्राण्याला ते त्रासदायक ठरते.

मातीतून टुणकन उडी मारणारे बारीक, पांढरे स्प्रिंगटेल मात्र निरुपद्रवी असतात. ते बुरशी खाऊन पेटी स्वच्छ ठेवतात. माइट समजून त्यांचा नायनाट करणे म्हणजे घरचा झाडूवाला हाकलणे होय.

विष हा उपाय का नव्हे

माश्या दिसताच फवारणीचा डबा उचलण्याची सवय घरोघरी रुजलेली आहे. विंचवाच्या बाबतीत ती घातक ठरते. घरगुती फवाऱ्यांत, डास पळविणाऱ्या द्रवांत व मुंग्यांसाठीच्या खडूत प्रामुख्याने पायरेथ्रॉइड गटातील रसायने असतात. ती चेतापेशींच्या सोडियम मार्गिकांवर आघात करतात. योगायोग असा की विंचवाच्या विषातील अनेक घटकही भक्ष्याच्या सोडियम मार्गिकांवरच काम करतात. परंतु म्हणून विंचू स्वतः या रसायनांपासून सुरक्षित राहत नाही. माशी मारण्याइतकी मात्रा पेटीत दिली, तर मालकही जाण्याचा धोका आहे.

कडुनिंबाचे तेल ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक मानले जाते. हाही समज तपासून घ्यावा लागेल. त्यातील ॲझाडिरॅक्टिन कीटकांची कात टाकण्याची संप्रेरक-व्यवस्था बिघडवते, आणि विंचूही कात टाकूनच वाढतो. ज्या प्राण्याच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक घटका कात टाकण्याची, त्याच्या पेटीत असे द्रव्य आणणे शहाणपणाचे नाही. महाविद्यालयांत आणखी एक छुपा धोका असतो. संग्रहालयाच्या कपाटांतील डांबरगोळ्यांची वाफ बंद खोलीत साचते. त्यामुळे जिवंत पेटी व संग्रहालय एका खोलीत ठेवू नये.

कोरडेपणा, स्वच्छता आणि प्रतीक्षा

या सर्व आगंतुकांचे मूळ ओल व उष्टे या दोहोंत आहे. विंचू आपले भक्ष्य बाहेरच विरघळवून त्यातील द्रव शोषतो आणि कवचाचा चोथा टाकून देतो. हा चोथा व न खाल्लेले भक्ष्य 24 तासांच्या आत लांब चिमट्याने काढणे हा एकच नियम पाळला, तरी फोरिड माशीचा मुख्य आधार जातो. विंचवाचा चयापचय अतिशय मंद असल्याने प्रौढाला आठ-पंधरा दिवसांतून एकदा खाद्य पुरते. विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी रोज रातकिडा टाकण्याचा मोह आवरावा. शेतातून पकडलेले नाकतोडेही टाळावेत. कापूस व सोयाबीनवरील फवारणीचा अंश त्यांच्या अंगी असू शकतो.

ओलीचा प्रश्न जातीनुसार सोडवावा लागतो. लाल विंचू, म्हणजे हॉटेंटोटा टॅम्युलस, कोरड्या मुरमाड जागेचा रहिवासी आहे. त्याची माती जवळपास पूर्ण कोरडी ठेवता येते, आणि कोरड्या हवेत बुरशीमाशी व माइट दोन्ही टिकत नाहीत. मात्र दंशाचे गांभीर्य पाहता विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत तो ठेवणे उचित नाही. तेथे मोठी काळी इंगळी अधिक योग्य. पण ती बिळात राहणारी व ओल मागणारी असल्याने खरी अडचण तिच्याच पेटीत येते. अशा वेळी खालचा थर ओला व वरचा दोन-तीन सेंटीमीटर थर कोरडा ठेवावा. पाणी वरून शिंपडण्याऐवजी कोपऱ्यात उभ्या पुरलेल्या नळीतून तळाशी सोडावे. बुरशीमाशी अंडी वरच्या ओल्या थरात घालते. तो थरच तिला मिळत नाही. पिण्यासाठी ओल्या कापसाच्या बोळ्याऐवजी खडे घातलेली उथळ वाटी ठेवावी, कारण बोळा दोन दिवसांत माइटचे माहेरघर बनतो.

पेटीत भरावयाची माती व वाळलेला पाला ऑटोक्लेव्हमधून काढावा. ते शक्य नसल्यास नांदेडचे वैशाखातील ऊन कामी येते : माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हात अंथरली असता तीतील अंडी व अळ्या मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. हवेच्या झरोक्यांना डासांची साधी जाळी पुरत नाही. फोरिड माशी तीतून सहज जाते. आतून धातूची जाळी व बाहेरून मलमलीचा पदर असे दुहेरी आवरण करावे. मुंग्यांसाठी आजीच्या फडताळाची युक्तीच सर्वोत्तम आहे. टेबलाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवावेत. पिलांना पाठीवर घेतलेल्या मादीच्या पेटीत मुंग्यांची रांग शिरली, तर एका रात्रीत सारे संपते.

उडणाऱ्या माश्यांसाठी कपाशीच्या शेतात लावतात तसले पिवळे चिकट सापळे उपयोगी पडतात, परंतु ते पेटीच्या बाहेरच टांगावेत. आत लावल्यास विंचूच चिकटतो. व्हिनेगरमध्ये साबणाचा थेंब टाकून ठेवलेली बशी ड्रॉसोफिला व फोरिड यांना ओढून घेते. अळ्यांसाठी डास-नियंत्रणातील बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा ‘इस्रायलेन्सिस’ हा प्रकार वापरता येतो. त्याचा मारा मुख्यतः डास-माशी वर्गाच्या अळ्यांवर होतो. मात्र त्याबरोबर पाणीही आत जाते, म्हणून ओल पुन्हा मोजावी. परदेशांतील छंदी लोक माइट खाणारे परभक्षी माइट विकत आणतात. भारतात जैविक नियंत्रक आयात करण्यास 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना लागतो. छोट्या विभागाने त्या वाटेस न गेलेले बरे.

विंचवाच्या अंगावर माइट चढले असतील, तर त्यास कोरड्या कागदी अस्तराच्या वेगळ्या पेटीत हलवावे आणि पाण्याची वाटी तेवढी ठेवावी. लांब चिमट्याने धरून किंचित ओलसर, मऊ कुंचल्याने सांधे झाडता येतात. अल्कोहोल मुळीच वापरू नये. कात टाकण्याची चिन्हे दिसत असल्यास, म्हणजे अन्न नाकारून विंचू सुस्त पडून राहिल्यास, त्यास हात न लावता थांबावे. जुन्या कातीबरोबर बरेचसे माइट गळून पडतात. कात टाकल्यानंतर नवे कवच कठीण होईपर्यंत त्याला भक्ष्य देऊ नये. भुकेला रातकिडा मऊ विंचवाला कुरतडतो, आणि त्या जखमेपाशी फोरिड माशी पोहोचायला वेळ लागत नाही.

नव्याने आणलेला विंचू किमान महिनाभर वेगळा ठेवावा, म्हणजे सोबत आलेल्या अंड्यांची एक पिढी तरी उघडकीस येते. पेटीतून काढलेली जुनी माती विभागाच्या कचरापेटीत टाकू नये. ती जाड पिशवीत घट्ट बांधून काही दिवस उन्हात ठेवावी, अन्यथा तिच्यातील कोषांतून निघालेल्या माश्या त्याच खोलीत परत येतात.